उणे नऊ

आठ वाजलेत, अंधारच आहे.
नोव्हेंबरच्या शेवटी फ्योर्डपलीकडे उतरलेला सूर्य
अजून वर आलेला नाही. आज येईल म्हणतात.
तरी निघालो: अकरा मुलं, अकरा कपाळांवर दिवे,
पुढे रान्नवाइग बाई, शेवटी मी,
पाठीवर सूपाचा थर्मास, कोरडे मोजे
आणि चित्रांची ती जाड फाइल
जी गेल्या वर्षी शहरातल्या वर्गात मी रोज उघडायचे.

बर्चच्या खोडाला थर्मामीटर टांगलाय.
‘उणे नऊ,’ आइलिफ वाचतो. साडेपाच वर्षांचा.
उणे म्हणजे काय, त्याला कुणी शिकवलं नाही.
उणे नाकात टोचतं.
उणे नऊला हातमोजा काढून सुरी धरता येत नाही,
उणे चारला येते.
मग तो काठीला टोक करतो,
तासभर, जीभ बाहेर काढून.

पुढे बर्फात सशाची पावलं.
ससा इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे?
वाद पेटला. एकाने दुसऱ्याला ढकललं.
बाईंना माहीत आहे. त्या सूप ओतताहेत.
माझ्या ओठावर आलेलं उत्तर
त्यांनी नुसतं बघून परत आत पाठवलं.

सुन्निवा चार पायांवर झाली, उडी मारली,
पडली, पुन्हा मारली.
वळून आपल्याच खुणांकडे बघत राहिली.
‘मागचे पाय पुढे पडतात,’ ती म्हणाली,
तोंडात बर्फ होता, कुणाला नीट कळलं नाही.
दोनदा म्हणाली.

अकरा चाळीसला डोंगराच्या कडेवर
नखाएवढा उजेड.
दिवे विझवले. कुणी ओरडलं नाही, मला वाटलं होतं ओरडतील.

मारेत तीन वर्षांची. मागचा सूर्य तिला कुठून आठवणार?
दिव्यांच्या सावल्या तिला ठाऊक होत्या,
त्या नाचायच्या, पळून जायच्या.
ही हलेना. लांबच लांब, निळी, बुटांना चिकटलेली.
ती मागे सरली, तीही सरली.
तिने पाय झटकला.
मग सरळ तिच्यावर जाऊन पालथी पडली.
‘झाकली.’

फाइलमध्ये सावलीचं कार्ड आहे, बेचाळिसावं.
झाड, मुलगा, पिवळा गोल सूर्य.
बर्फ गार होता,
मी फाइल बुडाखाली घेऊन बसले.

बारा वाजताना उजेड पुन्हा डोंगराआड.
मारेत उठली. खाली बघितलं,
हातमोजा उलटा करून झटकला,
मग माझ्याकडे आली, रागावलेली:
कुठे ठेवलीस?