वेलांटीला दोन्ही हात

मुंबईहून भाड्यानं आणायचं म्हटलं तर
एका दिवसाचे जेवढे मागतात
तेवढ्यात माझ्या खोलीचं दोन महिन्यांचं भागतं.
म्हणून एका गुरुवारी दुपारी
उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारांच्या लेथपुढं
मी वहीचं पान धरलं :
दोन चाकं, दोन वर्म, मधे एक पाळणा,
पाळण्यात कॅमेरा.
डावं चाक फिरवलं की बाजूला बघेल,
उजवं फिरवलं की वर-खाली.

त्यांनी पान उलटं करून पाहिलं,
मग सुलटं.
"आन ह्येचं करायचं काय?"
मी सांगितलं : वडणग्याच्या गुऱ्हाळात
काहिलीच्या काठावरनं निघायचं,
वाफेच्या मागं मागं वर,
पत्र्यातल्या भोकापर्यंत. वीस सेकंद.
नुसत्या हातानं केलं की निघताना हिसका बसतो
आणि थांबताना आणखी एक.
"मंजी रस न हिंदळता काहील उतरवायची," ते म्हणाले
आणि कानामागची पेन्सिल काढली.

चाकं भंगारात मिळाली, शिलाई मशीनची,
एकावरची सोनेरी वेल अजून शाबूत.
गनमेटलचं चक्र ओतून आलं
अंगावर वाळू घेऊन,
नुकत्या उकरलेल्या रताळ्यासारखं.
दात पाडायला तीन संध्याकाळी.
साठ दात. एकोणसाठाव्याला लाइट गेली.
अंधारात आम्ही चहा प्यालो
आणि हत्यार होतं तिथंच राहू दिलं,
झोपलेल्या पोराच्या मानेखालचा हात
लगेच काढत नाहीत तसं.

पहिल्या जोडणीत प्ले निघाला.
चाक फिरायचं, पाळणा थांबायचा,
मग काही आठवल्यासारखा निघायचा.
मामांनी डायल लावली.
"चार थाऊ. चार थाऊ तुजा हात खोटं बोलतोय."
मी म्हटलं, चालेल, एवढं कुणाला दिसतंय.
त्यांनी पाना खाली ठेवला.
त्या दिवशी मला चहा विचारला नाही.

नंतर वर्मची बैठक एका तिरक्या बुशात घेतली,
मागनं स्प्रिंग दिली,
दात दातावर दाबून बसवले.

सोमवारी उद्यमनगर बंद. शटर अर्ध्यावर.
पाळण्यात कॅमेऱ्याऐवजी
जत्रेतला लाल लेसर दोऱ्यानं बांधला.
समोर चुन्याची भिंत.
शिकणारे म्हणे ह्यावर इंग्रजी आठ गिरवतात,
गोल गोल, जिथनं निघाला तिथंच परत.
मी आपला ८ काढला,
सुटला की सुटला.

मग अक्षरं.
शिरोरेघ सोपी : एकटं डावं चाक,
उजवा हात खिशात घातला तरी चालतो.
काना सोपा : एकटं उजवं.
पण ग ला दीर्घ वेलांटी द्यायची
तर दोन्ही हात लागतात.
डाव्यानं आपलं एकसारखं चालत राहायचं
आणि उजव्यानं माथ्यावर
वर जाता जाता खाली वळायचं,
डाव्याला पत्ता लागू न देता.

मी लिहिलं : दस्तगीर.
ठिपका पुढं गेला तसं मागचं पुसत गेलं.
चाळीस वर्षं ह्यांनी पाडलेले दात
पंपांत, चरकांत, कुठल्या कुठल्या कारखान्यांत फिरतायत,
त्यावर गिऱ्हाइकाचा नंबर असतो.
ते भिंतीकडं बघत राहिले,
मुठीतले शेंगदाणे मुठीतच.

"वेलांटी हालली."

मी म्हटलं, माझा हात नवीन आहे.

"हात न्हवं. माथ्यावर दीड थाऊ हाय अजून."
शेंगदाणे बाकावर ओतले,
कपाळावरचा चष्मा नाकावर आणला
आणि पाना घेऊन पाळण्याखाली वाकले.

"मी आवळतो. तू ल्हीत ऱ्हा."