बाकी

वार्डो बेटावर नोव्हेंबरात सूर्य बुडाला,
तो आता थेट जानेवारीत यायचा,
तेव्हा ओलाउगनं हवामान खात्याचे जुने तक्ते पालथे केले
आणि कोऱ्या पाठीवर लिहिलं:

७३९३९१३३

सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
(तिच्या भाषेत ना कोटी ना लाख;
हा ठेका आपलाच.)

आकडा तिनंच वाढवलेला.
आधी नुसता सात. मागे तीन लावला, त्र्याहत्तर.
मग नऊ. दर वेळी तपासायचं,
कशानंच भाग जात नसेल तरच पुढचा जोडायचा.
सुरुवातीचे एका कॉफीत झाले.
या शेवटच्या तीनला मात्र
अख्खा अंधार लागणार होता.

सातानं भागलं, बाकी दोन.
अकरानं, चार.
तेरानं, आठ.
पेन्सिल थांबली: म्हणजे आता सोळा?
सतरानं तेरा ठेवले.
ती एकटीच हसली, चुलीत लाकूड सारलं.

दर सहा तासांनी पारा, वारा, दाब,
समुद्र कसा आहे ते,
तारेनं ट्रॉम्सोला कळवायचं.
तिकडून हालवार पाळी संपता संपता विचारायचा,
बाकी काय?
ती कागद बघून सांगायची, एकशे बारा.
त्याला वाटायचं, बंदरातल्या होड्या.
लिहून घ्यायचा.

दिवसाला अठरा भागाकार, कधी वीस.
हातचा घ्यायला हात तरी गरम हवा.
नाताळच्या आदल्या रात्री
भाग पूर्ण गेला. बाकी शून्य.
बराच वेळ ती खिडकीतल्या काळोखाकडे बघत बसली,
मग पुन्हा मांडलं:
चौथ्या ओळीत एक हातचा राहून गेला होता.

शेवटचा भाजक आठ हजार पाचशे सत्त्याण्णव.
त्यापुढच्याचा वर्ग या आकड्याच्या डोक्यावरून जातो,
म्हणून इथंच थांबायचं.
बाकी चार हजार नऊशे तेहतीस.
हजारावर जणांनी दार ठोठावलं,
आत कुणी शिरलं नाही.

मग उजवीकडून तिनं अंगठा ठेवला,
एकेक आकडा झाकत गेली:

७३९३९१३
७३९३९१
७३९३९
७३९३
७३९
७३
७

कुठंही थांबा, फुटत नाही.

नववा आकडा लावून पाहिला.
सम आणि पाच उंबऱ्यावरूनच परत.
एक लावला, सात लावला, दोन्हींना तीननं गाठलं.
उरले तीन आणि नऊ.
तेही फुटतात,
पण ते तिला अजून माहीत नाही.

सूर्य यायच्या दिवशी ती दारात उभी राहिली.
वाळत घातलेल्या कॉडच्या रांगा, बर्फ,
आकाशाचे दहापैकी दहा भाग ढग.
तेवढं तारेनं कळवलं.

बाकी काय?

आहे, ती म्हणाली.

किती होड्या, हालवारनं विचारलं.