थाप

डिचोलीला बसस्टँडमागे, मिठाच्या जुन्या वखारीवर,
मंगळवारी आणि गुरुवारी, सहा वाजता.
जिना लाकडी. तिसरी पायरी नाही.
वर निळ्या गाद्या, त्यांना व्हिनेगरचा वास.
ज्योविता स्वतः पुसते त्या, गुडघ्यांवर बसून,
दुसऱ्या कुणाला फडकं देत नाही.

आम्ही सातजणी.
काजूच्या कारखान्यातल्या चौघी, बोटं चिकाने काळी;
आरोग्यकेंद्रातली नर्स शमीम;
कॉलेजातली उर्वी, का येते ते सांगत नाही, आम्ही विचारत नाही;
आणि एस्पेरांसा, वय त्र्याहत्तर,
म्हणते, मी फक्त पडायला शिकायला आलेय,
या वयात खुबा मोडला की संपलं.

सदरा जाड हवा, ओढला तर फाटू नये असा.
मी नवऱ्याचा खाणीवरचा खाकी डगला घातला,
खाण बंद पडल्यापासून खुंटीला होता.
कॉलर मजबूत. खिशात अजून लाल माती.

माझं माहेर चंदगडकडचं. तिथे मैदानात एकच हिशेब,
पाठ टेकली की कुस्ती गेली.
ज्योविता म्हणाली, इथे पाठ टेकते तिथून सुरुवात.
उताणी पड. गुडघे वर. पाय समोरच्याच्या कमरेला.
ह्याला गार्ड म्हणतात.
एस्पेरांसा हसली: आमच्या वेळी गार्ड म्हणजे पोर्तुगीज शिपाई,
रात्री दारावर काठी वाजवायचा.
मी हसले नाही. उताणी पडणं
मला दुसऱ्याच अर्थाने ठाऊक होतं.

पहिल्याच महिन्यात उर्वीने माझा हात ताणून धरला,
कोपर उलटं, तिच्या पोटावर.
मी पंख्याकडे बघत राहिले.
कट् असा आवाज आला तेव्हा तीच घाबरून सुटली.
ज्योविता धावत आली. थाप का नाही मारलीस?
दोन थापा, गादीवर, नाहीतर तिच्या अंगावर.
म्हणजे पुरे. म्हणजे सोड.
मी म्हटलं, मला वाटलं, आपोआप थांबेल.

कुणी काही बोललं नाही.
शमीमने खालच्या मासळीवाल्याकडून बर्फ आणला,
त्याला बांगड्यांचा वास.

थापा तर मी पुष्कळ मारल्या होत्या.
न्हाणीत पाय घसरला.
दार लागलं.
अंगात उष्णता आहे, म्हणून काळंनिळं होतं.
त्यातली एक शमीमनेच लिहून घेतली होती केसपेपरवर,
मान वर न करता.
आता बर्फ धरताना तिने मान वर केली.

मग शिकले. कोपरं अंगाशी कशी ठेवायची,
कंबर बाजूला काढून वजनाखालून कसं सरकायचं.
ज्योविता त्याला सुंगट म्हणते,
सातजणी सुंगटं गादीभर, एस्पेरांसा सगळ्यांत पुढे.
पण खरी विद्या मला ती वाटते:
थाप मारली की समोरचं माणूस सोडतं.
लगेच. का म्हणून विचारत नाही.
पहिल्यांदा झालं तेव्हा मी परत मारून बघितली.
आणि परत.
उर्वी म्हणाली, मावशी, मी कधीच सोडलंय.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, रात्री,
अंधारात त्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारली.
त्याला ही भाषा येत नाही.
म्हणून गुडघा मध्ये घेतला, कंबर काढली,
उठून बसले, आणि तोंडाने म्हटलं, पुरे.
आवाज जरा जाड आला, पण माझाच होता.
तो काय म्हणाला ते इथे लिहीत नाही.
हात उचलला नाही, एवढं खरं.
ही थाप नव्हे.

सकाळी खुंटीवर डगला नव्हता.
लपवला की जाळला, मी विचारलं नाही.

गुरुवारी एस्पेरांसाने आपल्या वारलेल्या भावाचा कोट आणला.
बाह्या लांब, चार घड्या घालाव्या लागल्या.
नीट ओढ गो, ती म्हणाली, तारवटी होता तो,
असा तसा फाटायचा नाही.
आणि पाठ टेकून, गुडघे वर घेऊन,
माझी वाट बघत पडली.