सनद

गावाचं नाव सनद. बहरीनच्या नकाशात
नखाएवढं, खाडीच्या काठाला.
आमच्याकडे सनद म्हणजे हक्काचा कागद,
लोखंडी पेटीत, नाडा बांधून ठेवलेला.
माझ्याकडे इथला कागद दोन-दोन वर्षांचा,
त्यावरचा माझा फोटो माझ्यापेक्षा तरुण.

ज्या शुक्रवारी पहाटे ओहोटी असते
त्या शुक्रवारी बद्रियाबाई गाडीतून घमेली उतरवतात.
जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यात,
आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जातो.
चिखलात उतरताना अबायाचा घोळ कमरेला खोचतात,
थेट आमच्याकडच्या कालवं काढणाऱ्या बाया.

त्या म्हणतात कुर्म. मी म्हणतो तिवर.
टंकबहादूर काहीच म्हणत नाही, त्याच्या मुलखात समुद्र नाही;
तो रोप नुसतं धरतो,
कोंबडीचं पिल्लू धरावं तसं.

रोपं आमच्या कॅम्पच्या गच्चीवर वाढली,
लबनच्या कापलेल्या बाटल्यांतून.
रात्रपाळीहून जो आधी येईल त्याने पाणी घालायचं,
थोडं गोडं, थोडं खारं,
आमटीत मीठ घालावं तसं, अंदाजाने.
फोरमन ओरडला, हे काय गवत?
शाजी म्हणाला, कोथिंबीर आहे, साहेब.
महिनाभर तो कोथिंबिरीची वाट बघत होता.

एक गोष्ट मी बाईंना सांगितली नव्हती.
एकोणीस वर्षांपूर्वी, नवा असताना,
ह्याच खाडीत मी टिपर रिकामा करायचो.
दिवसाला बावीस खेपा.
पाणी मागे सरायचं, बगळे उठायचे,
मी आरशात बघून गाडी मागे घ्यायचो
आणि आरशात फक्त भराव दिसायचा.
त्याच्याही आधी, दाभोळच्या खाडीत,
बापाबरोबर कोयत्याने तिवर तोडायचो,
कोळंबीच्या तळ्यासाठी जागा करायला.
मोळीला पाच रुपये.
आमची चूल त्यावर चालली; खोटं कशाला बोलू.

मग एकदा गुडघाभर चिखलात सांगूनच टाकलं,
मोडक्या अरबीत, हातवारे करत:
टिपर, रेती, मी.
बाई थांबल्या. चष्म्यावरचा चिखल पुसायला गेल्या,
आणखीच माखला.
म्हणाल्या, माझं घर भरावावरच आहे.
आणि पुढची काठी रोवली.

हिवाळ्यात तीनशे लावली होती.
उन्हाळा सरल्यावर मोजायला गेलो.
काहींना शेवाळाने गुंडाळलेलं,
काहींच्या गळ्यात प्लास्टिकची पिशवी,
कितीतरी ठिकाणी नुसतीच काठी.
रोवेनाने वहीत हजेरी घेतली.
एकेचाळीस.
नापास, शाजी म्हणाला.
टंकबहादूरने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.
बेचाळीस.
एक खेकड्याच्या बिळाआड होतं.
दोनच पानं, आणि पानांवर मिठाचे कण,
दुपारी आमच्या शर्टांच्या पाठीवर उमटतात तसले.

भावाला फोन केला. तो हसला.
तिवर लावायला कोणी आखातात जातं का रे?
मग जरा गप्प झाला. म्हणाला,
तळं ओसाड पडलंय. बांध फुटलाय, भरती आत येते.
आपोआप काहीबाही उगवलंय. काय ते बघितलं नाही.
मी म्हटलं, बघ.
पान चाटून बघ. खारट लागलं तर तोडू नकोस.

माझा कागद मार्चला संपतो.
ह्या खेपेला नवा होणार नाही, कंपनीने सांगितलंय.

बेचाळीस नंबरच्या भोवती आता
पेन्सिलीच्या टोकाएवढी मुळं
चिखलातून वर आलीत, श्वास घ्यायला.
काल पाणी उतरल्यावर बघितलं,
त्यांच्यामधून कुणीतरी तीन बोटांनी चालत गेलं होतं,
आडवंतिडवं, घाई नसल्यासारखं.
रोवेनाने वाकून विचारलं, कुठला पक्षी?
बाई म्हणाल्या,
परत आला तर सांगेन.