अंगठा

मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
आधी अरबीत, मग इंग्रजीत,
बाईच्या आवाजात, अगदी गोड.
पहाटे साडेचार, सलमाबादच्या कॅम्पचं गेट,
मागे दीडशे माणसं, बस चालूच, डिझेलचा वास.
मी अंगठा पँटला पुसतो, जिभेने ओला करतो,
टेकवतो.
पुन्हा प्रयत्न करा.

अकरा वर्षं लाद्या बसवल्या.
सिमेंट, पांढरा चिकट मसाला, वर ॲसिडचं धुणं.
रेषा कधी गेल्या कळलंही नाही.
दहावीला गणितात एकाहत्तर होते मला, संगमेश्वरात.
बहरीनला येऊन अंगठाछाप झालो,
आता छापही उरला नाही.

मार्चमध्ये नऊ दिवस गैरहजर.
त्या नऊ दिवसांत हिदच्या एका हॉटेलात
मी अख्खी लॉबी घातली.
लाद्या तिथेच आहेत, चालून बघा.
टाइमकीपर म्हणाला, सिस्टीममध्ये तू नाहीस.

एका शुक्रवारी अफनान आली, मुहर्रकची, संस्थेची.
फळा, खजुराचं खोकं,
आणि खोक्याएवढंच एक यंत्र, हिरव्या दिव्याचं.
पहिला तास तिने पासवर्ड शिकवले.
आम्ही ऐकलं. खजूर चांगले होते.
मग येल्लय्याने हात वर केला,
विचारलं काहीच नाही,
पंजा उघडून तिच्यासमोर धरला.
मोफज्जलने धरला. मीही.
चौदा पंजे, ओढ्यातल्या गोट्यांसारखे गुळगुळीत.
ती बघत राहिली. फळा पुसला.
"तुम्हाला काय पाहिजे?" मोडक्या हिंदीत.
असं कुणी विचारत नाही, त्यामुळे पटकन सुचेना.
मागून कोणीतरी म्हणालं, एसी.
सगळे हसलो, तीसुद्धा.

ठरलं ते असं:
रात्री जेवणं झाली की भांड्यांच्या नळापाशी
त्या यंत्रासमोर बोलायचं, आपापल्या भाषेत.
नाव, जागा, किती तास.
त्याची वायर कॅम्पाबाहेर जात नाही.
आतलं अफनानलाही ऐकता येत नाही,
तिनेच तसं बनवलंय.
कुलुपाचे शब्द सहा:
दोन येल्लय्याकडे, दोन मोफज्जलकडे, दोन माझ्याकडे.
माझे मी बायकोलाही सांगितलेले नाहीत.
एक मासा आहे, एवढंच.

पहिल्या रात्री घसा बसला.
मी दिगंबर... आणि पुढे?
दुसऱ्या रात्री:
मी दिगंबर कोंडविलकर, सीफ, आठवा मजला,
पाच ते पाच, चार बाथरूम.
एकाचा उतार चुकला, लाद्या उखडून परत लावल्या.
हे कशाला सांगितलं कोण जाणे.
मोफज्जल तर शेवटी रोज लेकीचं नाव घेतो.

मे महिन्यात मी पुन्हा सात दिवस नव्हतो.
तिघांनी बसून सहा शब्द जुळवले,
सात रात्री बाहेर काढल्या,
अफनानच्या गाडीतून कामगार कचेरीत नेल्या.
साहेबाने हेडफोन लावला, डोळे मिटले.
मराठीतलं अक्षर कळत नव्हतं त्याला,
तरी पूर्ण ऐकलं. म्हणाला, हा काय बोलतोय?
अफनानने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, साहेब, उतार चुकला होता म्हणतोय.

सातपैकी पाच दिवसांचे पैसे आले.
दोन कुठे राहिले ते सिस्टीमला ठाऊक.
परवापासून गेटवर नवं मशीन आहे, चेहरा बघणारं.
सगळे तोंड धुऊन उभे राहतात, लग्नाला निघाल्यासारखे.
येल्लय्या म्हणतो, हा तरी किती वर्षं टिकेल?
त्याचे दोन शब्द त्याने मुलाला शिकवून ठेवलेत,
फोनवर, गाण्याच्या चालीत.

मी नळापाशी जातो.
दिवा हिरवा आहे.
दिगंबर, जुफेर, सहावा मजला, साडेअकरा तास.
आज उतार बरोबर आला.
बादलीभर ओतलं,
पाणी सरळ जाळीकडे गेलं.