तोळ्याला थोडं कमी

सेलमच्या एका गल्लीत आमची गलाई होती.
दहा बाय बारा, वर पत्रा,
कोळशाची भट्टी, ॲसिडचा पिवळा धूर
आणि विट्याकडची चार पोरं.
त्यातलं एक तातोबा, लेंगऱ्याचं,
वय सतरा, बोलणं कमी,
झोपेत आईला हाक मारायचं.

एकोणनव्वद साली, पोंगलच्या आदल्या रात्री
तोळ्याला थोडं कमी सोनं
हिशेबात भरेना.
मी तराजू तीनदा पुसला.
मग पोरांकडे बघितलं.
तिघं माझ्याकडे बघत होती,
तातोबा खाली.
एवढंच.
एवढ्यावरच.

मी त्याला कपडे काढायला लावले.
(इथं हात थांबतो. थांबू दे.)
काही निघालं नाही, तर म्हणालो,
गिळलं असेल.
सकाळी त्याला गाडीत बसवलं.
गाडी मिरजेला लागायच्या आत
ट्रंककॉलनं शब्द गावात पोचला होता.

आमच्या धंद्यात वाया काही जात नाही.
झाडलोट, राख, फुटक्या मुशी,
दारातलं पाय पुसायचं पोतंसुद्धा
वर्षातून एकदा जाळून, कुटून, धुऊन घेतात.
त्या दिवाळीत पोतं जाळलं,
राख पाण्यात गोल फिरवली,
तर परातीच्या तळाशी ते बसलेलं.
तोळ्याला थोडं कमी.

मी ते वितळवलं.
दुसऱ्या लगडीत घातलं.
एकदा मिसळलं की कुठलं कुणाचं,
कसोटीचा दगडही सांगत नाही.

मग विट्यात घर बांधलं, तीन मजली.
देवळाला घंटा दिली, शाळेला पंखे.
पंख्यांवर नाव घातलं नाही,
याचंही मला कौतुक वाटायचं.
स्टँडवर लेंगऱ्याची एसटी लागली
की मी चष्मा काढून पुसत बसायचो,
ती सुटेपर्यंत.

यंदा त्याच एसटीत बसलो.
तातोबाची पिठाची गिरणी आहे.
भुवया पांढऱ्या; पीठ किती, वय किती, कळेना.
पट्टा फिरत होता,
म्हणून सगळं ओरडून सांगावं लागलं,
पोतं, परात, राख,
छत्तीस वर्षं.
त्यानं बटण बंद केलं.
शेवटचे दोन शब्द उगीच मोठ्यानं गेले.

"म्या घेतलं न्हवतं, ह्ये मला म्हाईतच हाय की," तो म्हणाला.
"मला काय सांगताय?
ज्यास्नी म्हाईत न्हाई, त्यास्नी सांगा जावा."
आणि पुढच्या बाईचा डबा घेऊन
काट्यावर ठेवला.
काटा स्थिर होईपर्यंत
डोळे वर केले नाहीत.

ज्यांना माहीत नाही, त्यांची यादी केली,
हिशेबाच्याच वहीत.
त्याची आई. ती नव्वदच्या उन्हाळ्यातच गेली.
ती बाकीची तीन पोरं:
एक कोईमतूरला, एक वारला,
एक माझा फोन उचलत नाही.
भाळवणीचे ते लोक, ज्यांनी सोयरीक मोडली.
गेलो. म्हातारा कानानं अधू.
कोण तातोबा, म्हणाला,
आणि ताक दिलं.
ते प्यालो, हे आता वहीत कुठं लिहू?

बायकोचं नाव यादीत नव्हतं.
रात्री तिलाही सांगितलं.
ती भाकरी थापत होती,
थांबली नाही.
पण ती एक भाकरी जाड झाली
आणि तिनं ती माझ्याच ताटात वाढली.

नीट झोप लागते, असं नाही.
पहाटे तीनला उठतो, पाणी पितो,
वहीत आणखी एखादं नाव सापडतं.

काल कराड रोडच्या सलूनमध्ये सांगितलं.
आरशात बाकावरचे चौघे,
एकाच्या हातातला पेपर तसाच अर्धा उघडा.
मी पोरगं किती वर्षांचं होतं तिथपर्यंत आलो होतो,
वस्तरा गळ्याशी आला
तरी बोलत राहिलो.
न्हावी म्हणाला,
"शेठ, मान हलवू नका."