रात्रीच्या खेपा

दिवाडी ते सांपेद्र, सांपेद्र ते दिवाडी,
एकतीस वर्षं मी फेरी हाकली.
निवृत्तीनंतर मांडवी सुटली, खेपा सुटल्या नाहीत:
खाट ते संडास, संडास ते खाट,
रात्रीत पाच.
ओव्हरटाइम कोण देणार?

प्रेमावती म्हणायची, दोतोराकडे जा.
मी म्हणायचो, ह्या वयात धक्के खचायचेच.
मग एका रात्री उंबऱ्याला पाय अडकला,
कपाळ बेसिनच्या कडेवर.
तीन टाके पडले, तेव्हा गेलो.

दोतोर मेलिंडा, माझ्याच फेरीवरून शाळेत गेलेली पोर.
म्हणाली, वही कर. किती वाजता, आणि किती.
मोजायला काढलं फेणीचं जुनं माप
(ते आता परत फेणीला लागणार नाही).
बारा दहा, दोनशे. दीड वाजता, दोनशे साठ.
सवयीने समासात भरती-ओहोटीही लिहिली.
ती वही बघून हसली. मग विचारलं,
"दुसरं काय चालू आहे, पुंडलिकबाब?"
"प्रेशरची एक. बारीकशी."
बारीकशी कुठली, ते मी सांगितलं नाही.
म्हापशाच्या दोतोराने दिलेली,
वाटलं, त्याला राग नको, हिलाही नको.

रक्त तपासून तिने गोळी दिली, जिभेखाली विरणारी.
घेण्याआधी तासभर आणि नंतर आठ तास
पाणी फक्त घसा ओला करण्यापुरतं.
आठवड्याने पुन्हा रक्त.
ताप आला, ओकारी झाली, जुलाब लागले,
तर गोळी बंद, आणि फोन.
फार्मसीत बेर्नादेतने हे सगळं
पाकिटावर लाल पेनने परत लिहिलं.

चार रात्री मी ओंडक्यासारखा झोपलो.
पाचव्या सकाळी डोकं ठणकलं, पेज नको झाली.
मी म्हटलं, "दोर सोड गो,"
आणि हातात होता प्रेमावतीचा पदर.

ती हसली नाही.
घरातली सगळी औषधं तिने पिशवीत भरली,
रिकामी पाकिटंसुद्धा.
आम्ही बांबोळीला निघालो, माझ्याच फेरीतून.
मी विचारत होतो, ही बोट कुणाची?

सोडियम एकशे बावीस.
आयुष्य खाऱ्या पाण्यावर काढलेला माणूस,
आणि रक्तात मीठ नाही!
"जेवणात कमी पडलं म्हणून नव्हे,"
चौथ्या दिवशी मेलिंडा खाटेशी बसून म्हणाली.
तिने पिशवीतून ती बारीकशी काढली.
"ही पाण्याची गोळी. ही लघवीवाटे मीठ घालवते.
माझी गोळी पाणी आत अडवते.
तुम्ही सांगितलं असतं तर मी दिलीच नसती."
एका फेरीवर दोन सारंग,
आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.
मी भिंतीकडे बघत राहिलो.

नवी गोळी कायमची बंद.
म्हापशाला तिनेच फोन लावला.
तिथलीही बदलली, आणि बदललेली सकाळी घ्यायची;
जुनी मी झोपताना घ्यायचो, आठवणीत राहते म्हणून.
दुपारी पाय उशीवर. सोलकढी दुपारचीच.
सातनंतर चहा नाही, हे मात्र अजून जड जातं.

आता दोन खेपा. कधी तीन.

परवा धक्क्यावर सावळो भेटला. त्यालाही तेच.
"तुझ्या गोळ्या उरल्यात ना? दे दोन."
त्याची पावलं सुजलेली, चपलेचा पट्टा रुतलेला.
म्हटलं, परत दिल्या बेर्नादेतला.
तू घरी जा, आधी पिशवी भर.
तो रागावला. रागावू दे.

रात्री जाग आली की खाटेवर थोडा बसतो,
पाय जमिनीला लावतो, मग उठतो.
उंबऱ्यापाशी प्रेमावतीने बारका बल्ब लावलाय,
लाल, डाव्या हाताला.
बोटीलाही डावीकडे लालच असतो.
तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.